रत्नागिरीला गेले, कारण मामा दुकान वाढवत होता

या वेळची सहल एका क्रियापदामुळे ठरली.

मी पोळ्या करत होते आणि आईचा फोन आला. "बंडू दुकान वाढवतोय म्हणे." बंडू म्हणजे माझा मामा. रत्नागिरीच्या रामआळीत त्याचं भांड्यांचं दुकान आहे, आजोबांनी घातलेलं. मी तवा खाली उतरवला. म्हटलं, या मंदीत? लोक साधा चमचा घेताना दहा वेळा विचार करतायत आणि हा दुकान वाढवतोय? आई म्हणाली, "तेच ना," आणि फोन ठेवला. "तेच ना" एवढं म्हणून समोरच्याला दिवसभर विचारात पाडायचं, ही आमच्या माहेरची जुनी कला आहे.

नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "मोठं करतोय, की बंद करतोय?"

तरुण वाचकांसाठी थोडा खुलासा करते. आपल्याकडे दुकानात उभं राहून 'बंद' म्हणायचं नसतं. रात्री शटर ओढलं की दुकान 'वाढवलं' म्हणायचं. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. पानात भात वाढतात ते आणखी वेगळं. आता एवढी सगळी कामं एकाच शब्दाच्या डोक्यावर घातल्यावर कधी ना कधी तो घोटाळा करणारच. आईला परत फोन लावला, नक्की कुठलं वाढवतोय ते विचारायला. ती म्हणाली, "मी कशी विचारू? माझ्या वडिलांचं दुकान आहे ते. तूच जाऊन बघ."

माझ्या नेहमीच्या वाचकांना माझा छंद ठाऊक आहे. कुठल्याही गावी गेले की देऊळ, किल्ला, धबधबा हे सगळं नंतर. आधी बाजारपेठेत एक फेरी मारायची आणि पुढच्या मंदीत यातलं कुठलं दुकान टिकेल, कुठलं उठेल, हे मनातल्या मनात ठरवून टाकायचं. माझा आजवरचा एकही अंदाज बरोबर आलेला नाही. पुण्यात आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी वर्षभरात जाणार असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं, आणि काचेच्या बरण्यांतून सरबतं देणाऱ्या कॅफेच्या गावभर शाखा निघतील असंही. आज गिरणीत दुसरी चक्की बसली आहे आणि कॅफेच्या जागी एक फिजिओथेरपिस्ट लोकांच्या माना मोडतो आहे. तरीही माझा आत्मविश्वास कमी झालेला नाही, तो तसा होणाऱ्यातला नाही.

तर बेत असा होता. मामा दुकान मोठं करत असेल, तर त्याला अडवायचं. त्याची सगळी पुंजी त्या गाळ्यात जाईल आणि म्हातारपणी हातात नुसती पातेली राहतील. आणि बंद करत असेल तर? त्याचा विचारच केला नव्हता. रामआळीत गेलं आणि ते दुकान नाही, हे मला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हतं. मला ते नको होतं, एवढंच खरं.

स्वारगेटवरून सकाळची एसटी घेतली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त आणि नवरे खिडकीच्या कडेला गरीब चेहऱ्याने बसलेले. सातारा, कऱ्हाड, मलकापूर असं करत गाडी आंबा घाटात येते. मलकापूरला गाडी थांबते तेव्हा गरम कांदाभजी घ्या, चहा मात्र घेऊ नका, तो चहा नसतो. घाटात शक्य असेल तर खिडकी पकडा आणि पोट नाजूक असेल तर पुढची सीट. साखरपा सोडलं की हवा बदलते, अंगाला घाम येतो आणि माणसांच्या बोलण्याला हेल येतो. पुढे हायवेचं काम चालू आहे. मी लहान असल्यापासून काहीतरी चालूच आहे तिथं, त्यामुळे घरून निघताना पोचायची वेळ कोणाला कळवू नका.

साखरप्याला चढलेले दोन गृहस्थ माझ्या मागे बसले होते. एकाचं कुठेतरी चपलांचं दुकान असावं.

"काय, मंदी हाय काय तुमच्याकडं?" दुसऱ्याने विचारलं.

"मंदी नाय वो. नुसतं गिऱ्हाईक नाय."

मंदीची याहून सोपी व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

रत्नागिरीच्या स्टँडवरून रामआळी चालत जाण्यासारखी आहे, रिक्षा करू नका. सामान घेऊन थेट दुकानावरच गेले. तर दारावर भलाथोरला फ्लेक्स. वर गणपती, खाली कमळं आणि मधोमध मामाचा फोटो, बहुतेक आधार कार्डावरून उचललेला. त्या चेहऱ्यावरून हे उद्घाटन आहे की श्रद्धांजली, काही पत्ता लागत नव्हता. मजकूर असा: 'ग्राहकांच्या आशीर्वादाने आम्ही दुकान वाढवत आहोत. आजवर दिलेल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.' मी तो तीनदा वाचला. पहिल्या वाक्याने दुकान मोठं होत होतं, दुसऱ्याने मिटत होतं.

"आलीस गो? वाईच बस," मामा गल्ल्यावरून म्हणाला. "जेवलीस काय वाटेत?"

"मामा, दुकान वाढवतोयस?"

"हो, वाढवतोय."

"म्हणजे मोठं..."

"मोठंच काम आहे गो ते," मामा म्हणाला आणि गिऱ्हाइकाला झाकण दाखवायला उठला.

संध्याकाळी घरी गेलो. मामाचं घर माळनाक्याला आहे. (तुमचा मामा रत्नागिरीत नसेल तर मारुती मंदिराच्या बाजूला बरी लॉजेस आहेत. खोली आधी बघा, मग हो म्हणा.) शालूमामीने बांगड्याचं तिखलं, भात आणि ओल्या काजूची उसळ केली होती. फेब्रुवारीत कोकणात जाणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे, ओले काजू. हॉटेलात उसळ मिळते पण त्यात काजू शोधावे लागतात. मामीच्या उसळीत रस्सा शोधावा लागतो.

मामा हात धुऊन बातम्या बघायला गेला आणि मामीने माझ्याजवळ पाट सरकवला.

"कळलं ना तुला? शेजारचा गाळा घेतोय आम्ही. तो मोबाइलची कव्हरं विकायचा ना, तो गेला उठून. मी कधीची सांगत होते यांना, मंदीत लोक भांडी विकत घ्यायची नाहीत, पण लग्नं, मुंजी, पूजा थोड्याच थांबतायत? भाड्यानं देऊया. मोठे टोप, पराती, घंगाळी, समया. इतकी वर्षं नुसतं हूं हूं करायचे. आणि महिन्यापूर्वी आपणहून म्हणाले, शालू, आता दुकान वाढवूया."

"असंच म्हणाला?"

"अगदी असंच. मी त्या दिवशी गुळाची खांडवी केली. अण्णांना जाऊन सांगूनसुद्धा आले, शेजारचा गाळा आम्हाला ठेवा म्हणून." अण्णा म्हणजे दोन्ही गाळ्यांचे मालक. मग मामीचा आवाज जरा उतरला. "पण तेव्हापासून गप्प गप्प असतात गो. खर्चाला घाबरलेत. तू त्यांना धीर दे."

म्हणजे अडवायला आलेल्या माणसावर धीर द्यायची जबाबदारी आली. मी आणखी भात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामआळीची फेरी. तुम्ही जाणार असाल तर साडेदहा-अकराला जा, तोवर दुकानदारांची उदबत्ती, पाणी मारणं आणि शेजाऱ्याच्या गिऱ्हाइकावर नजर ठेवणं हे सगळं सुरू झालेलं असतं. पहिलंच दुकान छत्र्यांचं. फेब्रुवारीत छत्र्या. मालक डोळे मिटून बसलेले. हे पहिलं जाणार, मी मनात म्हटलं आणि धीर करून विचारलंही, मंदी जाणवते का.

"आमची मंदी आठ महिने असते बाई, दरवर्षीच," ते डोळे न उघडता म्हणाले. "सवय झाली."

पुढे फोटो स्टुडिओ. हा तर नक्कीच गेला, खिशात फोन असताना कोण येतो फोटो काढायला? तर आत पाच तरुण पोरं केस विंचरत रांगेत उभी. बोटीवर नोकरीला जाणारी, गल्फला जाणारी, सगळ्यांना पांढऱ्या पडद्यासमोरचा फोटो लागतो. स्टुडिओवाला म्हणाला, इकडे काम कमी झालं की बाहेर जाणारे वाढतात, मग आमचं बरं चालतं. लग्नपत्रिका छापणाऱ्याला म्हटलं, आता तर सगळे मोबाइलवरच आमंत्रण पाठवतात. तो म्हणाला, "पाठवू देत की. देवापुढे ठेवायला एक तरी छापील लागते ना? आणि एक आम्ही छापत नाय, कमीत कमी शंभर." शिंप्याचीही खात्री होती मला, रेडिमेडने त्याला कधीच खाल्लं असेल म्हणून. तो मान खाली घालून कुणाचीतरी पँट उसवत होता. मंदीत लोक नवीन शिवत नाहीत, जुनं सैल करून घेतात, असं त्याचं म्हणणं. तिथून मी गुमान निघाले, कारण माझी स्वतःची एक सलवार त्याच्याकडे द्यावी की काय असं मला वाटायला लागलं होतं.

माझ्या हिशेबाने या आळीत सगळ्यात पक्कं दुकान कुठलं असायला हवं होतं, तर मोबाइलच्या कव्हरांचं. फोन सगळ्यांकडे, फोन सारखा पडतो, कव्हर सारखं फाटतं. आणि नेमकं तेच बंद पडून त्याच्या शटरवर क्लासच्या जाहिराती चिकटल्या होत्या.

राहिलं भांड्यांचं. खरं सांगायचं तर मामाच्या दुकानाकडे परक्या नजरेने मी पहिल्यांदाच बघितलं. स्टील तुटत नाही, फुटत नाही, विटत नाही, हीच त्या धंद्याची अडचण आहे. एकदा डबा नेलेलं गिऱ्हाईक परत येतं ते मुलीच्या लग्नात. पूर्वी लग्नात भांडी द्यायची पद्धत होती, त्यावर मशीनने नाव घालून. माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वाटीवर 'मामाकडून सप्रेम भेट' कोरलेलं आहे, त्यामुळे सासरी इतकी वर्षं झाली तरी आमटी मामाच देतो असं वाटतं. आता लोक पाकीट देतात. पाकिटावर नाव घालायला मशीन लागत नाही. मी दुकानासमोर उभी राहून मनात म्हटलं, हे नाही टिकणार. आणि समोर जाऊन कोकम सरबत प्यायले.

दुपारी दुकानात बसले, तर गर्दी. मामा म्हणाला, फ्लेक्स लागल्यापासून अशीच आहे, इतकी विक्री कित्येक महिन्यांत झाली नव्हती. आणि ती का होत होती हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. एक निवृत्त गुरुजी आले, स्टुलावर टेकले, छताकडे बघत बसले आणि मोठा सुस्कारा टाकून म्हणाले, "बंडोपंत, शेवटी तुम्हीपण वाढवताय."

"काय करणार गुरुजी."

"खरंय. एक तांब्या द्या. नाव घालून द्या त्यावर."

"काय घालू?"

"घाला, आठवण."

मशीनची घरघर चालू होती तोवर मिरकरवाड्याकडून मासे विकून परत निघालेली एक मावशी पाटी खाली ठेवून आत आली. "शेट, दुकान वाढवतायसा म्हनं? बरा केलात. देव तुमचं भलं करो. माजं एक मोठं पातेलं काढून ठेवा, उद्घाटनाला न्हेते." गुरुजींनी तिच्याकडे असं बघितलं, जणू मयताच्या घरी कोणीतरी पेढे घेऊन आलंय. मामा दोघांनाही एकाच सुरात म्हणाला, "तुमचे आशीर्वाद."

अर्धं गाव सांत्वनाला येत होतं, अर्धं अभिनंदनाला, आणि दोन्हीकडचे रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही म्हणून काहीतरी घेऊन जात होते.

संध्याकाळी मामाला म्हटलं, चल मांडवीला. शहरातून रिक्षाने जाता येतं, भेळेच्या गाड्या असतात, जेट्टीवर बसायला कठडा आहे आणि सूर्यास्त फुकट आहे. भेळ तिखट सांगा, गोड फार करतात. मामा कठड्यावर बसला आणि गुडघा चोळायला लागला.

"आता बास गो," तो म्हणाला. "अण्णाला सांगितलंय मी, महिनाअखेरीला गाळा मोकळा करून देतो. मंदीत सगळं बुडून मग उठण्यापेक्षा चार माणसं मान देतायत तोवर उठलेलं बरं."

माझ्या हातातला भेळेचा कागद तसाच राहिला. "मामीला सांगितलंस?"

"तिला पहिलं सांगितलं. बाकी सगळं झालं, पण तेच मनाला लागलं बघ." मामा समुद्राकडे बघत बोलत होता. "एवढी वर्षं त्या दुकानानं जगवलंन आम्हाला. मी म्हटलं, शालू, आता दुकान वाढवूया. मला वाटलं, रडेल. निदान कशाला म्हणेल. तर बाईनं खांडवी केलीन. गाणं म्हणत केलीन. म्हणजे इतकी वर्षं ती ह्याचीच वाट बघत होती काय?"

"मामा, तू नेमकं काय म्हणालास तिला?"

"सांगितलं ना. दुकान वाढवूया."

"बंद करूया, असं म्हणालास का?"

मामाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर जेट्टीवर शिवी दिली आहे. "असं कोण म्हणतं?"

मी तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की अरे, ती गाळा घेतेय, तिला वाटतंय तू मोठं करतोयस. पण तो पुढे म्हणाला, "जाऊ दे. ती खूश आहे ना, तेवढं बास झालं. ह्या महिन्यात माझ्याशी किती प्रेमानं वागत्ये, तशी लग्नातसुद्धा वागली नव्हती." आणि माझं तोंड मिटलं. याला सांगितलं तर याची सुटका जाते, तिला सांगितलं तर तिचा गाळा जातो. सकाळी मामीला गाठून हळूच सांगायचं असं ठरवून मी उरलेली भेळ संपवली. रात्री पानावर दोघं एकमेकांना आग्रह करत होते आणि मी मान खाली घालून घावन खात होते.

तिसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी दुपारची होती. सकाळी मामीला गाठायचं ठरवलं होतं, पण मामीनेच मला गाठलं. हाताला धरून शेजारच्या रिकाम्या गाळ्यात नेलं आणि मोजपट्टीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "इथं फळ्या. इथं मोठे टोप उपडे. आणि हे टेबल माझं." माझं टेबल म्हणताना ती लाजली. मी मोजपट्टी धरून उभी होते आणि वाक्य जुळवत होते. पलीकडे मामा एका बाईला डब्याची झाकणं दाखवत होता. तेवढ्यात अण्णांची स्कूटर थांबली.

अण्णा मोठे सरळ गृहस्थ. ते उंबऱ्यातच उभे राहिले. "बंडू, मला एक समजावून सांग. तू म्हणतोस गाळा सोडतो. वहिनी म्हणतात शेजारचा घेतो. तुम्ही काय एकमेकांच्या शेजारी शेजारी निराळे राहताय काय?"

मोजपट्टी माझ्या हातातून सुटली आणि सर्रकन मामीकडे गेली. मामी ती तशीच लोंबती घेऊन बाहेर आली.

"सोडतो? कोण सोडतो?"

"अगो, वाढवूया म्हणालो ना मी," मामा म्हणाला.

"वाढवूया म्हणालात. सोडूया कुठं म्हणालात?"

"वाढवायचं म्हणजे सोडायला नको?"

"वाढवायचं म्हणजे घ्यायला नको?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी गणपतीच्या फोटोकडे. मामीला सगळं कळलं तेव्हा तिचा चेहरा बघवला नाही मला. ती स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मग बंद म्हणायचंत."

तो शब्द त्या चार भिंतींत बहुधा पहिल्यांदाच उमटला असावा. झाकण घ्यायला आलेल्या बाईने झाकण आवाज न करता खाली ठेवलं. मामाने आधी गणपतीच्या फोटोला हात जोडले, मग मामीकडे बघितलं.

"मी खांडवी केली, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" मामी म्हणाली.

"वाटलं, सुटलीस एकदाची."

"आणि मला वाटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलंत."

मामा गल्ल्याच्या कडेला हात टेकून उभा होता. "शालू, मला नाय झेपत आता. सकाळी उठून यायचं, दिवसभर गिऱ्हाइकाची वाट बघायची. मंदी आहे गो."

"मंदी कधी नव्हती ते सांगा. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत्ये."

माझ्या आठवणीतही कुठल्याच दुकानदाराने कधी तेजी आहे असं म्हटलेलं नाही. अण्णा घसा खाकरून म्हणाले, गाळ्यांचं काय ते सांगून टाका, भाडेकरू दारात उभे नाहीत पण तरी. मामी मोजपट्टी गुंडाळत बसली होती. ती पूर्ण गुंडाळून झाल्यावर उठली.

"सकाळी तुम्ही यायचं नाही," ती मामाला म्हणाली. "सकाळी मी उघडीन. दुपारी झोपा, बातम्या बघा, काय हवं ते करा. संध्याकाळी या आणि दुकान वाढवा."

आता मामाही सावध झाला होता. "वाढवा म्हणजे कुठलं वाढवा?"

"दोन्ही," मामी म्हणाली. "घेतो आम्ही गाळा, अण्णा."

झाकणवाल्या बाईने झाकण पुन्हा उचललं. अण्णा स्कूटर चालू करताना मला म्हणाले, फ्लेक्स तेवढा बदलायला सांग, मी पण दोनदा फसलो. मी मामीला तसं सांगितलं. मामी म्हणाली, कशाला, विक्री बरी होत्ये.

परतीच्या गाडीत मामाने खिडकीतून आंबापोळीची पुडी दिली. "तुला काय वाटतं गो, टिकेल काय?" त्याने विचारलं. बाजारपेठांवर एवढं लिहिणारी मी, मला काही सांगता आलं नाही. माहीत नाही, असं म्हटलं. गाडी सुटली तेव्हा मला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. घाट चढेपर्यंत तसंच होतं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "मग? वाढवलं का दुकान?" तिला सगळं सांगायला अर्धा तास लागला. ती ऐकून रडली आणि हसली आणि शेवटी म्हणाली, "तेच ना."

त्याला आता दोन महिने झाले. वाचकांनी विचारलं म्हणून सांगते, मंदीत कुठली दुकानं उठतील हे मला अजूनही सांगता येत नाही, आणि रामआळीला जाऊन आल्यापासून तर काहीच नाही. भाड्याची भांडी जातायत, पण फार नाही. एक समई परत आली ती वातीसकट. भाड्याचे दोन टोप एका मुंजीहून परत येताना बदलून आले आणि आलेले जास्त चांगले आहेत, म्हणून मामी गप्प बसली आहे. पुढच्या वर्षी दोन्ही गाळे असतील की एक, की एकही नाही, हे तिलाही ठाऊक नाही.

काल तिचा फोन आला होता. मामाचं कसं चाललंय म्हणून विचारलं. म्हणाली, दुपारची झोप त्यांना काही जमली नाही, पण सकाळी येत नाहीत, शब्द पाळतात. संध्याकाळी मात्र ठरल्या वेळेच्या आधीच हजर होतात. दुकान वाढवायला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. शेवटचं गिऱ्हाईक जातं, आळीतली दिवेलागण होते, शेजारचे आपापली दुकानं वाढवून घरी जातात. मामी पर्स घेऊन तयार असते. आणि मामा शटरखाली उभा राहून रस्त्याकडे बघत म्हणतो, "थांब गो वाईच. अजून एखादं येईल."